ॲक्सोलॉटल आजारी वाटतोय: आधी थर्मामीटर, मग टेस्ट किट, औषध सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षाचा, साधारण 22 सेंटिमीटरचा ॲक्सोलॉटल (सॅलमँडरच्या कुळातला, पाण्यातच राहणारा उभयचर) चार दिवसांपासून खात नाही. कल्ले पुढच्या बाजूला वळलेत, शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलंय आणि डाव्या कल्ल्यावर कापसाचा पुंजका दिसतोय. पाणी 25 अंश. माशांच्या बुरशीचं औषध घरात आहे, ते टाकीत किती घालायचं?

शून्य. निदान आज तरी.

माशाच्या अंगावर खवले असतात, ॲक्सोलॉटलची कातडी उघडी आणि पाझरणारी असते. पाण्यात जे विरघळलेलं असतं त्यातलं बरंच तो कातडीतून थेट आत घेतो. त्यामुळे बाटलीवर माशांसाठी लिहिलेली मात्रा त्याला जड जाते, आणि तांबं, मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मलिन असलेली औषधं तर त्याच्यापासून लांबच ठेवावीत. दुसरं, टाकीत औषध ओतलं की फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरू शकतात. मग अमोनिया चढतो आणि आजारी प्राण्यावर दुसरा घाव बसतो. आणि मूळ कारण, म्हणजे ते 25 अंश पाणी, तसंच राहतं. हा प्राणी मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या तळ्या-कालव्यांतला, समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून उंचावरचा. त्याला 16 ते 18 अंश मानवतात, 20 पर्यंत चालतात, आणि 24 च्या वर दिवसच्या दिवस राहिलं की प्रतिकारशक्ती ढासळायला लागते. वर सांगितलेली चारही लक्षणं एकाच गोष्टीतून आली असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून पहिलं काम: प्राणी टबमध्ये काढणं.

झाकण असलेला प्लास्टिकचा स्वच्छ डबा घ्या, 10 लिटरच्या आसपासचा, लांबी प्राण्यापेक्षा चांगली दीडपट. साबणाने कधीही न धुतलेला. झाकणाला भोकं पाडा, कारण हे प्राणी उडी मारतात आणि आजारात जास्तच मारतात. नळाचं पाणी घेऊन त्यात क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही काढणारं वॉटर कंडिशनर बाटलीवरच्या मात्रेने घाला. पाणी एक दिवस उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन नाही. त्यामुळे ‘पाणी शिळं केलंय’ एवढ्यावर विसंबू नका. कोरफड घातलेले कंडिशनर टाळा.

पाण्याची उंची 10-12 सेंटिमीटर पुरे. फिल्टर नको, वाळू नको. टेकायला एखादा पाइपचा तुकडा, वरून टॉवेल, म्हणजे अंधार. आता तापमान: 25 अंशांतून उचलून थेट 16 मध्ये टाकू नका. टबचं पाणी 22-23 अंशांवर सुरू करा, टब एका मोठ्या भांड्यात ठेवा आणि त्या बाहेरच्या पाण्यात गोठवलेली बाटली सोडा. तासाला एखाद अंश उतरत संध्याकाळपर्यंत 18 च्या जवळ आलं की काम झालं. बर्फाचे खडे प्राण्याच्या पाण्यात नकोत. खालचा थर एकदम गार होतो आणि बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही येतो.

उचलताना जाळी वापरू नका. कल्ल्यांचे तंतू आणि बोटं जाळीत अडकून फाटतात. एखादा वाडगा पाण्यात बुडवून प्राण्याला त्यात हळूच येऊ द्या आणि पाण्यासकट उचला. हात लावायचाच झाला तर तो ओला असावा, कोरड्या हाताला कातडीवरचा चिकट थर निघून येतो. नंतर हात साबणाने धुवा. उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

टबमध्ये फिल्टर नसल्याने त्याचा स्वतःचाच अमोनिया साचतो. रोज, न चुकता, पूर्ण पाणी बदलायचं. सोपी पद्धत दोन टबांची: उद्याचं पाणी आजच दुसऱ्या टबमध्ये भरून, कंडिशनर घालून त्याच खोलीत ठेवा. चोवीस तासांत दोन्ही पाण्यांचं तापमान जुळतं, मग फक्त प्राणी हलवायचा.

आता रिकाम्या टाकीकडे वळा. अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट आणि पीएच, चारही थेंबांच्या किटने मोजा. पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाच नसतो आणि नेमका तोच हवा असतो. नायट्रेटच्या चाचणीत लोक हमखास चुकतात. दुसऱ्या क्रमांकाच्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं, ती 30 सेकंद जोरात हलवली नाही तर लिटरमागे 80 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं पाणीसुद्धा 5 दाखवतं. नळीही मिनिटभर हलवायची आणि किटवर दिलेल्या वेळेनंतरच रंग वाचायचा.

अमोनिया आणि नायट्राईट शून्य हवेत, ‘थोडासा’ नव्हे. नायट्रेट 20 च्या खाली उत्तम, 40 च्या वर गेला तर पाणी बदलायला उशीर झालाय. पीएच 7.4 ते 7.6 च्या आसपास छान, 6.5 ते 8 चालतो. पण अमोनियाचा आकडा एकटा वाचायचा नसतो. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी वाटा पीएच आणि तापमान ठरवतात. 20 अंश आणि पीएच 7 असताना तो वाटा जेमतेम 0.4 टक्के असतो, पीएच 8 ला जवळजवळ 4 टक्के, आणि 25 अंशांवर पीएच 8 ला 5 टक्क्यांच्याही वर. म्हणजे एका टाकीत प्राणी निवांत बसलेला आणि दुसऱ्या टाकीत त्याच आकड्यावर कातडी भाजलेली, असं होऊ शकतं.

याच हिशेबातून एक सापळा तयार होतो. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत पाण्यातला पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेट संपतो, पीएच 6 च्या खाली घसरतो, जिवाणू काम थांबवतात आणि अमोनिया साचत जातो. पण पीएच कमी असल्याने तो बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो. मालकाला एके दिवशी जाग येते, तो पीएच 8 चं 80 टक्के ताजं पाणी ओततो, आणि उरलेला अमोनिया तासाभरात विषारी होतो. ‘पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी गेला’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. पीएच फार खाली दिसला तर आधी प्राणी टबमध्ये, आणि मगच टाकी धुण्या-बदलण्याचं बघायचं.

किट अमोनिया दाखवत असेल तर कारण शोधा: फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला गेला का, मध्ये वीज गेली होती का, एखादा गांडूळ सजावटीखाली कुजतोय का, की टाकीची जिवाणूंची घडी मुळातच बसलेली नाही. या शेवटच्या कामाला चार ते आठ आठवडे लागतात आणि तेवढे दिवस प्राणी टबमध्येच बरा.

कल्ल्यावरचा कापूस

तो खरंच बुरशी आहे का, हे आधी पाहा. बाजूने टॉर्च तिरका धरा, काही सेकंदच, कारण त्याला पापण्या नसतात. ड्रॉपरने त्या जागेवर पाण्याचा हलका फवारा मारा. सुटलेला चिकट पदार्थ किंवा अन्नाचा कण निघून जातो. बुरशी जागेवर राहते आणि तिचे धागे पाण्यात गवतासारखे डोलतात: पांढरे, मोकळे, प्रत्येक धागा वेगळा दिसावा असे. ही बहुधा सॅप्रोलेग्निया. तिचे बीजाणू प्रत्येक टाकीत असतात. ते मेलेल्या किंवा दुखावलेल्या उतीवरच रुजतात. म्हणून बुरशी दिसली की ती कल्ल्याची टोकं आधी कशाने मेली, हा खरा प्रश्न. उत्तर सहसा उष्णता, अमोनिया किंवा चावा.

तेच जर धाग्यांऐवजी चपटं, राखाडी-पिवळसर, सायीसारखं पसरलेलं असेल, कडा झडत असतील आणि एका दिवसात डाग वाढलेला दिसत असेल, तर तो कॉलमनॅरिस असू शकतो. तो जिवाणू आहे, गरम पाण्यात फोफावतो, आणि त्याला घरगुती उपाय पुरत नाही. त्याच दिवशी पशुवैद्य.

साध्या बुरशीला गार, स्वच्छ पाणी आणि काळा चहा एवढ्याने पुष्कळदा उतार पडतो. चहा म्हणजे नुसती काळी चहापत्ती, कसलाही वास किंवा स्वाद नसलेली. 10 लिटर पाण्याला एक पिशवी, कपभर उकळत्या पाण्यात 10-15 मिनिटं ठेवून, पूर्ण गार करून टबच्या पाण्यात. त्यातलं टॅनिन बुरशीला सौम्यपणे आवरतं आणि कातडीला त्रास देत नाही. रोजच्या पाणीबदलात ताजा चहा, असं आठवडाभर. देशी (जंगली) बदामाची वाळलेली पानंही हेच काम करतात.

मिठाचं स्नान सगळीकडे सुचवलं जातं, आणि माझ्या मते गरजेपेक्षा फार लवकर सुचवलं जातं. मीठ बुरशी मारतं हे खरं, पण कल्ल्यांचे नाजूक तंतूही भाजतं आणि चिकट थर काढतं. चहाचे तीन-चार दिवस झाल्यावरही पुंजका वाढतच असेल तरच करा. एक लिटर कंडिशनर घातलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्यात आयोडीन नसलेल्या मिठाचे दोन सपाट छोटे चमचे पूर्ण विरघळवा, साधारण 10 ग्रॅम. त्यात 10 मिनिटं. 15 च्या वर कधीही नाही, आणि तो उसळायला लागला तर दोन मिनिटांतच बाहेर. दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, तीन दिवस, पुरे. मेथिलीन ब्लू हा मधला पर्याय आहे: माशांच्या मात्रेच्या निम्मी, फक्त टबमध्ये, टाकीत कदापि नाही. चहा, मीठ आणि निळं एकाच वेळी करू नका. काय लागू पडलं आणि कशाने बिघडलं हे मग कळत नाही.

चिमट्याने पुंजका ओढू नका. त्याबरोबर जिवंत तंतू येतो आणि रक्त येतं. बुरशी सुटताना काळे-तपकिरी तुकडे पडतील, कल्ल्याचा देठ उघडा बोडका दिसेल. घाबरू नका, पाणी नीट राहिलं तर काही आठवड्यांत तंतू पुन्हा फुटतात.

न खाणं, वळलेले कल्ले, वाकलेली शेपटी

हे तीनही आजार नव्हेत, तक्रारी आहेत. कल्ले सतत पुढे वळलेले असणं हे अस्वस्थतेचं लक्षण. फिल्टरचा झोत थेट अंगावर येत असेल तर एवढंच दिसतं आणि झोत भिंतीकडे फिरवला की दिवसाभरात सुधारतं. शेपटीचं टोकही वाकलेलं असेल तर पाण्याचा संशय धरा. पोहता पोहता कल्ला एकदा झटकणं, वर येऊन हवेचा घोट घेणं, जांभई दिल्यासारखं तोंड उघडणं हे रोजचं आहे. मात्र तासातून अनेकदा हवेसाठी वर येत असेल तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय. 15 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 10 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 25 अंशांत 8 च्या थोडा वर, आणि गरम पाण्यात त्याला स्वतःला लागतो जास्त.

धडधाकट प्रौढ ॲक्सोलॉटल दोन आठवडे न खाता राहू शकतो, त्यामुळे चार दिवसांसाठी तोंडात कोंबू नका. 8 सेंटिमीटरच्या खालच्या पिल्लाचं मात्र वेगळं, त्याचे तीन दिवस गंभीर समजा. उपाशीपणा पोटावरून मोजा: वरून पाहिलं तर पोटाची रुंदी डोक्याएवढी हवी. रोज त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून एक फोटो घ्या. डोळ्यांना न कळणारा फरक फोटोत कळतो. टबमध्ये पहिले दोन दिवस खाऊ देऊ नका. तिसऱ्या दिवशी गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तोंडासमोर हलवा, 10-15 मिनिटांत घेतला नाही तर काढून टाका.

तरंगणं

कसोटी एकच: मनात आलं की तो खाली जाऊन बसू शकतो का? शकत असेल तर हवा गिळली आहे, एक-दोन दिवसांत उतरेल. खाली गेला की बुचासारखा वर येतो, मागचा भाग वर, डोकं खाली, असं असेल तर पोटात वायू किंवा मळ अडकलाय. पाण्याची उंची इतकी कमी करा की पाय तळाला टेकतील आणि पाठ पाण्यातच राहील. पाण्याबाहेर राहिलेली कातडी वाळून फुटते, तीच खरी इजा. खाणं बंद.

तळाला खडे असतील तर खडा गिळल्याची शंका घ्या. हा प्राणी तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढतो, त्यामुळे डोक्यापेक्षा लहान कुठलीही वस्तू पोटात जाऊ शकते. मोठ्यांना 1 मिलिमीटरच्या खालची बारीक वाळू चालते, नाहीतर तळ मोकळा ठेवावा. अडकलेला खडा एक्स-रेत दिसतो. फ्रिजमध्ये 5 ते 8 अंशांवर ठेवण्याचा सल्ला याच प्रसंगातला आहे; गारव्याने पोटातलं अन्न सडणं मंदावतं आणि कधी कधी खडा बाहेर पडतो. तापमान काही तासांत हळूहळू उतरवायचं, बदलायचं पाणीही त्याच फ्रिजमध्ये ठेवायचं. पण गारव्याने त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. जखम किंवा संसर्ग असलेल्या प्राण्याला सरसकट फ्रिज म्हणजे फक्त वेळ विकत घेणं.

ज्यासाठी थांबायचं नाही

पायांच्या आतल्या बाजूला, पोटावर किंवा शेपटीच्या कडेला लाल ठिपके किंवा रक्त साकळल्यासारखे पट्टे: हा रक्तात पसरलेला जिवाणूसंसर्ग असू शकतो, एरोमोनास त्यातला नेहमीचा. याला प्रतिजैविक लागतं, तेही पशुवैद्याने वजनावर ठरवलेलं. अंगभर पाणी भरून फुगणं, पारदर्शक झालेलं पोट, मागच्या पायांमागच्या द्वारातून बाहेर आलेला लाल मांसल भाग, उलटं केलं तरी सरळ न होणं, वेड्यासारखं टाकीभर धडकणं: हे सगळं त्याच दिवसाचं काम. बाहेर आलेला भाग आत ढकलू नका, फक्त ओला आणि स्वच्छ ठेवा. वेडं पोहणं आणि सोबत साल निघत असेल तर बहुधा पाण्याने भाजलंय, पशुवैद्याला फोन करण्याआधीच टबमध्ये हलवा.

पशुवैद्याकडे जाताना उभयचर पाहतात का हे आधी विचारा. प्राणी कंडिशनर घातलेल्या गार पाण्यात, अंगाच्या दुप्पट उंचीइतक्या. डबा थर्मास पेटीत, आइस पॅक टॉवेलात गुंडाळून बाहेरून. टाकीचं पाणी वेगळ्या बाटलीत न्या, चाचणीचे आकडे, रोजचे फोटो आणि आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक गोष्टीची मात्रा लिहून न्या.

आजार नसलेले आजार

प्रौढ नराच्या मागच्या पायांमागे फुगीर गाठ असतेच, ती सूज नव्हे. अंड्यांवर आलेली मादी दोन्ही बाजूंनी गोल दिसते. फिकट जातीत वयात आल्यावर बोटांची टोकं काळी पडतात. विश्रांतीत कल्ले फिके, हालचालीनंतर लाल, हेही ठीक. दिवसरात्र पांढरेफटक असतील तर मात्र रक्तक्षय किंवा दीर्घ आजार शोधावा. सोबत्याने चावून तोडलेला पाय स्वच्छ गार पाण्यात परत येतो, मोठ्या प्राण्याला काही महिने लागतात. कल्ले आखडतायत आणि शेपटीची झालरही विरघळतेय, डोळे पुढे येऊन पापण्या फुटतायत, असं सगळं एकत्र दिसलं तर ते रूपांतर, म्हणजे पाण्यातला प्राणी जमिनीवरचा होणं, असू शकतं; दुर्मीळ आहे, पण मग पाणी उथळ करून वर चढायला जागा द्यावी लागते, नाहीतर तो बुडतो.

टाकीत परत कधी? पुंजका गेल्यावर सलग सात दिवस कल्ले मोकळे, दोन-तीन वेळा नीट खाल्लेलं, एकदा तरी घट्ट काळसर शी झालेली. टाकीचा अमोनिया आणि नायट्राईट सलग तीन दिवस शून्य, आणि तापमान दुपारच्या सगळ्यात गरम वेळी मोजून 20 च्या आत. पृष्ठभागावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने 2 ते 4 अंश उतरतात, दमट हवेत त्याहून कमी. तेवढ्याने भागत नसेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागेल. पंख्याने पाणी उडतं, ते रोज भरावं लागेल. सोडताना टबमध्ये टाकीचं पाणी दर दहा मिनिटांनी कपभर घालत अर्धा-पाऊण तास घ्या, मग वाडग्याने प्राणी टाकीत हलवा आणि टबचं पाणी फेकून द्या. पुढचे पंधरा दिवस अमोनिया दिवसाआड मोजा. फिल्टर इतके दिवस उपाशी होता, तो एकदम भार पेलेलच असं नाही.